नकाराचे कारण आणि अपिलाचा अर्ज
(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यातील व्याख्यान)



खेड्यात पोस्टमनने एखादा लांब लिफाफा आणून दिला, की तो फोडण्यापूर्वीच घरात चिंता शिरते. आतला कागद छापील असतो, भाषा कचेरीची असते आणि पुष्कळदा तीत एक ठरलेले वाक्य असते : ‘आपली मागणी मान्य करता येत नाही.’ मग तो कागद हाती घेऊन माणूस शाळेच्या पायरीशी येतो आणि विचारतो, ‘गुरुजी, हे काय लिहिले आहे? आता काय करायचे?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर शिक्षक सहज देतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र बहुधा एका सुस्काऱ्यात संपते : ‘नाही म्हटले आहे, आता काय होणार?’

हे उत्तर बरोबर आहे काय, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. त्यासाठी घेतलेले उदाहरण दूरच्या देशातले आणि वरवर पाहता अगदी लहान आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कारखान्यांतील व कचेऱ्यांतील नोकरांसाठी दातांच्या उपचाराचा विमा असतो. त्या विम्याखाली मागितलेली रक्कम नाकारली गेली, तर नोकराने अपील कसे करावे, याची रीत तेथील कायद्याने पायरी पायरीने बांधून दिली आहे. दाताची बाब असल्यामुळे रक्कम फार मोठी नसते. म्हणूनच माणूस ती सोडून देण्याचा संभव अधिक. अशा लहान बाबतीत कायद्याने एवढी काळजी का घेतली, हे समजले म्हणजे कोणत्याही नकाराकडे कसे पाहावे, हेही समजते.

या विम्याचा उगम मुलांच्या दातांपासून झाला, ही गोष्ट शिक्षकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९५४ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील गोदी कामगारांची संघटना आणि जहाज कंपन्यांचा संघ यांच्या संयुक्त कल्याण निधीने वॉशिंग्टन, ओरेगॉन व कॅलिफोर्निया या राज्यांतील दंतवैद्यांच्या मंडळांना विचारले, की कामगारांच्या मुलांचे दात तपासून त्यांवर उपचार करण्याची व्यवस्था करता येईल काय? त्यातून दंतसेवेची मंडळे निर्माण झाली आणि हळूहळू मुलांबरोबर मोठ्यांसाठीही, नोकरीच्या सवलतींपैकी एक म्हणून, दंतविमा देशभर पसरला.

दुसरी घटना एका मोटारीच्या कारखान्याची आहे. इंडियाना राज्यातील साउथ बेंड या गावी स्टुडबेकर कंपनीचा मोठा कारखाना होता. डिसेंबर १९६३ मध्ये तो बंद होत असल्याचे जाहीर झाले, आणि निवृत्तिवेतनाच्या निधीत पुरेसा पैसा नसल्यामुळे चार हजारांहून अधिक कामगारांना कबूल केलेल्या रकमेचा थोडाच भाग मिळाला. कित्येकांना काहीच मिळाले नाही. मालकाने दिलेले वचन केवळ वचन राहू नये, त्याच्यामागे कायदा असावा, ही मागणी त्या घटनेनंतर बळावली. २ सप्टेंबर १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी नोकरांच्या निवृत्तिवेतनाच्या व कल्याणाच्या योजनांसंबंधीच्या कायद्यावर सही केली. कायद्याचे मुख्य लक्ष निवृत्तिवेतनाकडे होते. परंतु खाजगी मालकांनी चालविलेल्या आरोग्याच्या व दातांच्या योजनाही त्याच्या कक्षेत आल्या. या कायद्यात एक साधे पण मोलाचे कलम आहे. मागणी नाकारायची असेल तर त्याची विशिष्ट कारणे लेखी कळविली पाहिजेत, आणि ती नोकराला समजतील अशा भाषेत लिहिली पाहिजेत. तसेच त्या नकाराचा पुरा व न्याय्य फेरविचार करून घेण्याची संधी नोकराला दिली पाहिजे.

आता हा दंतविमा चालतो कसा, ते थोडक्यात पाहू. मालक व नोकर मिळून हप्ता भरतात. वर्षाला मिळणाऱ्या रकमेला कमाल मर्यादा असते. पुष्कळ योजनांत ती हजार ते दोन हजार डॉलर इतकी असते. तपासणी व दातांची सफाई यांचा सर्व खर्च, दात भरण्यासारख्या साध्या उपचाराचा सुमारे शेकडा ८० आणि दाढेवर टोपी, म्हणजे क्राउन, बसविण्यासारख्या मोठ्या कामाचा सुमारे शेकडा ५० खर्च योजना देते, अशी वाटणी नेहमी आढळते.

नकाराची कारणेही ठरावीक असतात. हा उपचार योजनेतून वगळलेला आहे, हे पहिले कारण. ठरलेल्या मुदतीच्या आत तोच उपचार पुन्हा केला, हे दुसरे. तो दात विमा सुरू होण्यापूर्वीच पडलेला होता, हे तिसरे. याहून स्वस्त उपचाराने काम भागले असते, हे चौथे. आणि उपचाराची गरज कागदपत्रांवरून सिद्ध होत नाही, हे पाचवे. ही पाच कारणे वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकाचे उत्तरही वेगळे आहे, हे विसरून चालणार नाही.

समजा, एका यंत्रशाळेतील कामगाराची खालची दाढ दुखू लागली. दाढ पूर्वी भरलेली होती. दंतवैद्याने पाहिले तो दाढेला तडा गेला होता. नुसते भरून भागणार नाही, वरून टोपी बसविली नाही तर चावताना दाढ दुभंगेल, असे त्याने सांगितले. काम झाले. खर्च १,२०० डॉलर आला. योजनेकडून ६०० डॉलर यावयाचे. त्याऐवजी पत्र आले : ‘पाठविलेल्या क्ष-किरण चित्रावरून दाढेची एवढी हानी झाल्याचे दिसत नाही. साधी भरणी पुरेशी होती. सबब टोपीचा खर्च देता येत नाही.’

हे पत्र वाचून कामगाराला राग येणे स्वाभाविक आहे. रागाच्या भरात तो लिहितो : ‘आपण वीस वर्षे इमानाने नोकरी केली, हप्ता कधी चुकविला नाही, घरात दोन मुले शिकत आहेत, एवढ्याशा रकमेसाठी कंपनीने असा अन्याय करावा हे योग्य नाही.’ यातले अक्षर न् अक्षर खरे असेल. परंतु या अर्जाने काम होण्याचा संभव कमी, कारण नकाराचे जे कारण दिले आहे त्याला या अर्जात उत्तरच नाही. पत्र म्हणते, ‘चित्रात हानी दिसत नाही.’ अर्ज म्हणतो, ‘नोकरी वीस वर्षांची आहे.’ दोघे एकमेकांशी बोलतच नाहीत.

हाच कामगार ते पत्र दुसऱ्यांदा शांतपणे वाचतो. सगळा नकार एका क्ष-किरण चित्रावर उभा आहे, हे त्याच्या ध्यानात येते. तो दंतवैद्याकडे जाऊन विचारतो, ‘तडा चित्रात का दिसत नाही?’ दंतवैद्य सांगतो, की दाताचा तडा क्ष-किरण चित्रात पुष्कळदा उमटत नाही. तो डोळ्यांना दिसतो, चावून पाहताना कळतो, आणि जुनी भरणी काढल्यावर साध्या छायाचित्रात स्पष्ट येतो. असे छायाचित्र त्या दिवशी काढलेले होते; ते दप्तरात होते, पण योजनेकडे पाठवायचे राहिले होते. झाले! येथे अपील निम्मे तयार झाले. नकाराने मागितले ते दप्तरात होते. कोणीतरी कारण नीट वाचून ते शोधण्याचाच काय तो अवकाश होता.

म्हणून तेथील नियमांनी नकाराच्या पत्रात काय असावे, हे बारकाईने ठरविले आहे. नकाराचे नेमके कारण. योजनेच्या ज्या कलमावर ते आधारले आहे त्याचा उल्लेख. मागणी पुरी होण्यास आणखी कोणता कागद लागेल आणि तो का लागेल. अपील कसे व किती दिवसांत करावयाचे. आणि अपिलातही नकार आला तर न्यायालयात जाण्याचा हक्क. उपचाराची गरज नव्हती असे म्हणावयाचे असेल, तर तसे ठरविण्यामागील वैद्यकीय विचारसुद्धा सांगावा लागतो, किंवा मागितल्यास तो विनामूल्य मिळेल असे लिहावे लागते. नोकराने मागणी केली, तर त्याच्या प्रकरणाशी संबंध असलेले सर्व कागद त्याला फुकट द्यावे लागतात. कारण झाकून ठेवले, तर अपिलाचा हक्क नावालाच उरतो. अंधारात नेम धरून कोणाला बाण मारता येत नाही.

मुदतीची गोष्टही अशीच महत्त्वाची. १९७७ च्या नियमांत अपिलासाठी निदान ६० दिवस दिले पाहिजेत असे होते. २००० साली नियम सुधारले आणि आरोग्याच्या व दातांच्या योजनांसाठी ही मुदत, नकाराचे पत्र मिळाल्यापासून निदान १८० दिवस झाली. सहा महिने पुष्कळ वाटतात. पण कागद फडताळात ठेवला की सहा महिने जायला वेळ लागत नाही. यास्तव पत्र हाती पडताच त्यावर मिळाल्याची तारीख लिहावी आणि शेवटचा दिवस मोजून तोही लिहून ठेवावा. आणखी एक चूक टाळावी. दंतवैद्याच्या कारकुनाने दूरध्वनी केला, किंवा तेच बिल पुन्हा पाठविले, म्हणजे अपील झाले, असे पुष्कळांना वाटते. तसे ते होतेच असे नाही. अर्जात ‘हे अपील आहे’ असे स्वच्छ शब्दांत लिहिलेले असावे, आणि तो पत्रात सांगितलेल्या पत्त्यावर गेलेला असावा.

अर्ज लांबलचक असण्याची जरुरी नाही. वरील कामगाराचा अर्ज असा असू शकेल :

‘आपले अमुक तारखेचे पत्र अमुक तारखेस मिळाले. दावा क्रमांक अमुक. त्या निर्णयाविरुद्ध हे अपील सादर आहे. क्ष-किरण चित्रात हानी दिसत नसल्यामुळे साधी भरणी पुरेशी होती, असे कारण आपण दिले आहे. दाढेस तडा होता. तडा क्ष-किरण चित्रात बहुधा उमटत नाही. जुनी भरणी काढल्यावर घेतलेले छायाचित्र सोबत जोडले आहे. त्यात तडा दिसतो. साधी भरणी का टिकली नसती, याविषयी दंतवैद्यांचे पत्र सोबत आहे. योजनेच्या ज्या कलमाप्रमाणे तुटलेल्या दाढेवरील टोपीचा खर्च देय आहे, त्याची प्रत जोडली आहे. सबब ६०० डॉलर मंजूर करावेत. हे मान्य नसल्यास, ज्या दंतवैद्याचा सल्ला आपण घेतला त्याचे नाव आणि या प्रकरणाचे सर्व कागद पाठवावेत.’

या अर्जात विनवणी नाही आणि रागही नाही. नकाराचे कारण आधी जसेच्या तसे सांगितले, मग त्याला पुराव्यासह उत्तर दिले, मग कलम दाखविले, आणि शेवटी काय हवे ते आकड्यात मागितले. अपिलाच्या अर्जाचा सांगाडा एवढाच. भाषा कोणतीही असो, रक्कम कितीही असो, तो बदलत नाही.

अर्ज गेल्यावर त्याचा विचार कोणी करावयाचा? येथे तेथील नियमांतील सर्वांत शहाणपणाचा भाग येतो. ज्याने पहिल्याने नकार दिला, त्याने अपील ऐकता कामा नये. त्याच्या हाताखालच्या माणसानेही ऐकता कामा नये. पहिला निर्णय बरोबरच असेल असे धरून न चालता सर्व कागद नव्याने पाहावे लागतात. पूर्वी न पाठविलेला कागदही विचारात घ्यावा लागतो. प्रश्न वैद्यकीय असेल तर त्या विषयातील जाणकाराचा सल्ला घ्यावा लागतो, आणि तो जाणकारही पहिल्या वेळचा नसावा. उपचार होऊन गेलेल्या मागणीच्या अपिलाचा निर्णय ६० दिवसांत द्यावा लागतो. अपिलाच्या दोन पायऱ्या असतील तर प्रत्येकीस ३० दिवस. दोनाहून अधिक पायऱ्या चढण्याची सक्ती नोकरावर करता येत नाही, आणि अपिलासाठी फी घेता येत नाही.

अपील केले म्हणजे ते मंजूर होतेच, असा समज कोणी करून घेऊ नये. उपचार योजनेतून स्पष्ट वगळलेला असेल, किंवा वर्षाची मर्यादा संपलेली असेल, तर उत्तम अर्जही तेथे हरतो. असा माणूस निदान कारण समजून थांबतो. न समजता थांबणे आणि समजून थांबणे यांत अंतर आहे. अपिलातही अन्याय झाला असे वाटले तर न्यायालय आहे. परंतु न्यायाधीश बहुधा अपिलाच्या वेळी दप्तरात असलेलेच कागद पाहतात. म्हणून पुरावा अपिलातच जोडला पाहिजे. पुढच्या पायरीसाठी तो राखून ठेवणे ही मोठी चूक होय. पैसे ज्याने द्यावयाचे त्यानेच मागणीचा निर्णय करावयाचा, ही अडचणही तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली विचारात घेतली, आणि निर्णयाचे मोल करताना हा हितसंबंध लक्षात घेतला पाहिजे असे ठरविले.

आणखी एक मर्यादा शिक्षकांस विशेष जाणवेल. हा कायदा खाजगी मालकांच्या योजनांचा आहे. सरकारी नोकरांच्या योजना त्याच्या बाहेर आहेत. त्यामुळे अमेरिकेतील सरकारी शाळेचा शिक्षक आपल्या दंतविम्याचे अपील या कायद्याखाली करू शकत नाही. त्याला आपल्या राज्याचे नियम आणि योजनेचे पुस्तक पाहावे लागते. तेव्हा आपणांस कोणता कायदा लागू आहे, हे शोधणे ही अपिलाच्या आधीची पायरी होय.

ही पायरी आपल्याकडेही तितकीच खरी आहे. एखाद्याने कंपनीकडून आरोग्याचा विमा घेतला असेल आणि दावा नाकारला गेला असेल, तर प्रथम त्या कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. तिचे उत्तर समाधानकारक नसेल, किंवा एक महिन्यात उत्तरच आले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. ही व्यवस्था १९९८ च्या नियमांनी सुरू झाली व २०१७ साली नव्या नियमांत बांधली गेली. महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. तेथे फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जावे लागते. दातांच्या बाबतीत विमापत्र आधी उघडून पाहावे हे बरे, कारण आपल्याकडील पुष्कळ आरोग्य विम्यांत अपघाताने झालेली इजा सोडल्यास दातांचा उपचार वगळलेला असतो.

शिक्षकाचे वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीचे देयक ही विम्याची बाब नव्हे. ती शासनाच्या नियमांची बाब आहे, आणि लोकपालाकडे ती जात नाही. परंतु देयक नुसते ‘नामंजूर’ असा शेरा मारून परत आले, तर शिक्षकाने तेथेच थांबण्याचे कारण नाही. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील कलम ४(१)(घ) प्रमाणे प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीस देणे हे सार्वजनिक कार्यालयाचे कर्तव्य आहे. कारण लेखी मागावे, अर्जाची स्थळप्रत ठेवावी, तीवर पोच आणि आवक क्रमांक घ्यावा. आणि कारण हाती आले म्हणजे वरच्या सांगाड्याप्रमाणे उत्तर लिहावे.

शेवटी वर्गातील एक गोष्ट. वरच्या इयत्तांत अर्जलेखन शिकविले जाते. रजेचा अर्ज, दाखल्याचा अर्ज, फी माफीचा अर्ज मुले पाठ करतात. त्यांत नकाराला द्यावयाच्या उत्तराचा एक पाठ घालता येईल. फळ्यावर नकाराचे चार ओळींचे पत्र लिहावे. मुलांनी त्यातले कारण शोधून त्याखाली रेघ ओढावी. त्या कारणाला कोणता कागद उत्तर देईल, ते सांगावे. मग पाच वाक्यांत अर्ज लिहावा. त्यात रडगाणे नको, शिवीगाळ नको आणि खोटे तर मुळीच नको. एका तासाचा हा पाठ आहे. पण हे मूल उद्या घरी आजोबांच्या हातातला कागद घेईल, आणि ‘नाही म्हटले आहे’ एवढ्यावर न थांबता ‘का नाही म्हटले आहे, ते पाहू’ असे म्हणेल. शाळेच्या पायरीशी येणाऱ्या माणसाच्या त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथूनच सुरू होते.